शर्टिंगच्या गोधडीत मी कशी फसले

मागच्या जानेवारीत माझी पहिली गोधडी पूर्ण झाली आणि आज ती आमच्या गव्हाच्या कोठीवर झाकण म्हणून पडलीय. दिसायला वाईट नाही बरं का, फोटोत तर झकास येते, पण अंगावर कोणी घेत नाही. पोरगा म्हणतो घसरते, हे म्हणतात घाम येतो, आणि गल्लीतल्या मोठी मायने तर पहिल्याच दिवशी तिच्यावरून हात फिरवून निकाल देऊन टाकला होता, "हाई गोधडी नही व पोरी, हाई पोतं शे."

टाके माझे वाकडे होते हे मान्य. पण खरी गडबड कापडात होती आणि ते कळायला मला जवळजवळ वर्ष गेलं.

झालं असं की मोबाईलवर अमेरिकेतल्या जुन्या गोधड्या बघायचा मला नाद लागला होता. तिकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे शर्टांसाठी एक कापड मिळायचं, पांढरं नाहीतर सायीच्या रंगाचं, आणि त्यावर काळी, निळी, तपकिरी, लाल अशी अगदी बारीक छपाई, ठिपके, रेघा, घोड्याच्या नाला, कुठे कुठे तर कुत्री सुद्धा. त्याला तिकडच्या गोधडीवाल्या बायका आजही शर्टिंगच म्हणतात, आणि गडद तुकड्यांच्या मागे जी शांत फिकट जागा दिसते ना ती बहुतेक वेळा या शर्टिंगची असते. मला ते इतकं आवडलं की म्हणलं आपल्याकडे शर्टिंगला काय तोटा, घराघरात सत्कारात मिळालेले शर्टपीस पडलेले असतात, लग्नात मिळालेले, कोणी शिवत नाही, नुसते एकाकडून दुसऱ्याकडे फिरतात.

नणंद सुरतला उधन्याला राहते (अर्धा खान्देश तिकडेच आहे म्हणा), ती दिवाळीला अमळनेरला येताना कटपीसचं गाठोडंच घेऊन आली. फिकट निळे, फिकट गुलाबी, बारीक रेघांचे, एकूण सतरा. हात लावला तर मऊ, सुरकुती नाही, चमक पण छान. मी खूश. धुतले सुद्धा नाहीत, म्हणलं नवीन तर आहेत, लगेच कापले आणि शिवायला घेतले.

आणि सुई जाईना. मधे सासूबाईंच्या जुन्या दोन साड्या घातल्या होत्या, खाली परत तेच शर्टिंग, आणि प्रत्येक टाक्याला सुई आत शिरताना कच्च असा आवाज यायचा, अंगठ्याला पट्टी बांधून शिवत होते मी. दोरा ओढला की कापड गोळा व्हायचं आणि सैल सोडला तर टाका लोंबायचा. एका ठिकाणी चुणी बसवायला इस्त्री फिरवली तर तो तुकडा चकचकीत होऊन आक्रसला, वास पण प्लास्टिकसारखा. तरी मी दोन महिने नेटाने शिवलं. मग मे आला, पारा ४४-४५ वर, लाईट गेलेली, गच्चीवर ही गोधडी अंथरली आणि अर्ध्या तासात पाठ अशी ओली की पोरगा उठून चटईवर गेला.

आमच्या गल्लीत एक आप्पा आहेत, ते तरुणपणी प्रताप मिलमधे साचेखात्यात होते. साचा म्हणजे लूम, तेव्हाचे लोक साचाच म्हणायचे. मी उरलेला तुकडा घेऊन त्यांच्याकडे गेले, खरं तर रडगाणं गायलाच गेले होते. त्यांनी कपाटातून पितळेचं एक घडीचं भिंग काढलं, त्याच्या खालच्या बाजूला बरोबर एक इंचाची चौकोनी खिडकी असते, ते कापडावर ठेवलं आणि एक टाचणी माझ्या हातात दिली. म्हणाले मोज.

काय मोजू?

धागे मोज.

उभे धागे मोजता मोजता माझे डोळे फिरले, तीनदा चुकले, शेवटी त्यांनीच मोजले, इंचात ११० उभे आणि ७६ आडवे. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. मग त्यांनी सांगितलं की मांजरपाटासारख्या साध्या कापडात ही गर्दी बरीच कमी असते, म्हणून सुई सहज जाते, आणि शर्टाचं कापड मुद्दाम गच्च विणतात कारण त्याने शर्ट आकार धरतो, अंग दिसत नाही, कॉलर ताठ बसते. हाताने शिवणाऱ्याला ह्यातल्या एकाही गोष्टीचा उपयोग नाही, उलट तीच गर्दी सुईच्या आड येते. मी नंतर बघितलं तर परदेशात गोधडीसाठी म्हणून जे कापड विकतात ते दोन्हीकडून साधारण ६० ते ७५ धाग्यांचं असतं. आणि आपल्याकडचं चांगलं चाळीस नंबरी पॉपलीन बघा, उभे १३२ आणि आडवे ७२. आणि असल्या गच्च कापडात मी दाभणासारखी जाड सुई आणि दुहेरी दोरा घुसवत होते.

नंबर म्हणजे काय ते पण तेव्हाच कळलं. दुकानदार चाळीस, साठ, शंभर म्हणतात ते मला आधी किंमतीसारखं काहीतरी वाटायचं. तर ८४० यार्डाची एक लडी, अशा जितक्या लड्या मिळून एक पौंड वजन होईल तो सुताचा नंबर. चाळीस लड्यांना पौंड भरला तर चाळीस नंबर, साठ लागल्या तर साठ. म्हणजे नंबर वाढला की सूत बारीक. आणि दोन बारीक सुतं पीळ देऊन एक केली की टू प्लाय, ब्लाऊजचं टू बाय टू असतं ना, त्यात उभं आणि आडवं दोन्ही सूत तसं दुपदरी असतं.

घामाचं कारण वेगळं होतं. आप्पांनी माझ्या तुकड्यातले दोन धागे उसवले, चिमट्यात धरून काडी लावली. कापूस असता तर कागद जळल्यासारखा वास येऊन हलकी राख पडली असती, फुंकली की उडणारी. इथे धागा वितळला, काळा धूर आला आणि टोकाला कडक मणी झाला, बोटात चुरडला तरी चुरडेना. आप्पा म्हणाले हे सगळं पॉलिस्टर, कापूस असलाच तर नावाला. आपण ज्याला टेरीकॉट म्हणतो त्यात बरेचदा ६७ टक्के पॉलिस्टर आणि ३३ टक्के कापूस असतो, जाळलं तर थोडी राख आणि त्यात बारीक खडे असं दोन्ही लागतं. कापूस साध्या हवेतली सुद्धा आठ-साडेआठ टक्के ओल स्वतःत धरून ठेवतो आणि पॉलिस्टर अर्धा टक्का पण नाही, मग पाठीचा घाम जाणार कुठे. तेवढ्यात मोठी माय दारातून डोकावली, तिला ना टक्के माहीत ना नंबर, तिने नुसतं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घाम पेस नही ते कापड आपलं नही." मी आप्पांकडे दीड तास बसून जे शिकले ते तिने एका वाक्यात सांगितलं.

उरलेल्या सुरती कापडावर आम्ही ह्या वर्षी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले. पाणी पीत नसल्यामुळे की काय, इतके छान सुटतात त्यावरून, एक तुकडा होत नाही. नणंदेला हे मी अजून सांगितलेलं नाही.

नंतर मी ठरवून जळगावला गेले, सकाळची गाडी पकडून धरणगाव, पाळधी करत, आणि फुले मार्केटमधे उतरले ती थेट शर्टिंगच्या दुकानात. दुकानदार भाऊ भला माणूस पण त्याचं सगळं कौतुक माझ्या दृष्टीने उलटं. ताई हे बघा रिंकल फ्री, इस्त्रीच लागत नाही. मी म्हणते नको. हे बघा, सहा महिने झाले तरी नव्यासारखं. नको. मग तो जरा चिडूनच म्हणाला, ताई तुम्हाला खराब कापड पाहिजे का? मी म्हणलं गोधडी शिवायचीय, तर हसला, म्हणे गोधडीला कोणी नवीन कापड फाडतं का. तेही खरंच आहे, आपल्याकडे गोधडी जुन्या लुगड्या-धोतराची, धुवून धुवून मऊ झालेल्या कापडाची. नवीन कापड फाडून परत जोडायचं हे आजीला सांगितलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं.

पण भाऊने मग एकेक ठाण उलगडून दाखवलं आणि मी पण ह्यावेळी तयारीने गेले होते, आप्पांचं भिंग पर्समधे, आणि घरची गोधडीची सुई. हो, सुई. कापडाच्या कोपऱ्यात दुहेरी करून टोचून बघायची, भाऊ नको नको म्हणत होता पण काठाजवळ कोण बघतंय. सुई आवाज न करता गेली पाहिजे आणि काढल्यावर भोक नखाने घासलं की बुजलं पाहिजे. गच्च कापडात भोक तसंच राहतं.

कॅम्ब्रिक, ते पातळ मऊ सुती कापड, ह्या परीक्षेत सगळ्यात बरं निघालं. साठ नंबरी सूत, इंचात ९२ आणि ८८, म्हणजे धागे बरेच दिसतात पण सूत बारीक असल्याने सुईला वाट मिळते. पॉपलीन मी दोनच रंगांत घेतलं, तेही मशीनने जोडायच्या भागासाठी. ऑक्सफर्डच्या प्रेमात पडले होते, टोपलीसारखी वीण, जाडसर, दिसायला फार गोड, पण कापलं की कडेचे धागे सुटून सुटून झिपऱ्या होतात, त्याला पाव इंच मार्जिन पुरत नाही, अर्धा इंच तरी सोडा. शॅम्ब्रे मात्र डोळे मिटून घ्या. त्यात ताणा रंगीत आणि बाणा पांढरा असतो त्यामुळे रंग असा धुतल्यासारखा मवाळ दिसतो, नवीन असून जुन्या कापडात मिसळून जातो. ट्विल, ते तिरप्या रेघांचं, गोधडीला जड, ते सोडलं.

चौकटी आणि रेघांबाबत एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर चार तुकडे वाचले असते. सूत आधी रंगवून मग विणलेलं कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं आणि त्याची रेघ म्हणजे प्रत्यक्ष धागाच असतो, त्यामुळे रेघेवरून कापलं की तुकडा आपोआप सरळ. छापलेल्या कापडाची उलटी बाजू फिकट असते आणि छपाई धाग्याच्या लायनीत बसलेली असेलच असं नाही. मी छापील चौकट रेघेवरून कापली, धाग्यावरून नाही, आणि धुतल्यावर ते चौकोन असे तिरके झाले की जणू वाऱ्यावर उभे आहेत.

निघताना भाऊने खालच्या फळीवरून एक धूळ खाल्लेली थप्पी काढली, शर्टिंगची सॅम्पल बुकं. एजंट लोक प्रत्येक सीझनला देतात, सीझन गेला की रद्दी. प्रत्येकात साठ-सत्तर तुकडे, कडा नागमोडी कापलेल्या, कार्डाला गोंदाने चिकटवलेले, खाली लेबल. असा खजिना फुकट! मी दोन पिशव्या भरून आणल्या, गाडीत बायका विचारत होत्या काय विकायला नेतेय.

आणि घरी येऊन मी जो मूर्खपणा केला. गोंद निघावा म्हणून सगळे तुकडे कार्डासकट बादलीत कोमट पाण्यात टाकले. रात्रभर. सकाळी गोंद निघाला, छान निघाला, आणि लेबलं पण निघाली. शंभर टक्के कॉटन कुठलं, ६०-४० कुठलं, ६७-३३ कुठलं, सगळं एका बादलीत, चारशेच्या वर तुकडे. तुम्ही सॅम्पल बुक मिळवलंत तर आधी लेबल वाचून वेगळ्या ढिगात टाका आणि मगच भिजवा, मी हात जोडून सांगते.

मग रविवारभर मी ओट्यावर पाण्याची वाटी, चिमटा आणि मेणबत्ती घेऊन एकेका तुकड्याचा धागा जाळत बसले. हे म्हणाले स्मशानात बसल्यासारखं वाटतंय. शंभरेक जाळल्यावर हाताला कळायला लागलं, तुकडा मुठीत घट्ट दाबून सोडला की कापूस चुरगळलेलाच राहतो आणि टेरीकॉट हळूहळू परत उघडतं. मग संशय आला तेवढेच जाळले. पाण्याच्या थेंबाने पण बघता येतं, कापसात थेंब पसरतो, पण त्यात मी एकदा फसले होते. जळगावहून आणलेल्या एका अस्सल सुती पॉपलीनवर थेंब मोत्यासारखा बसून राहिला, मी ते परत करायला निघाले होते, तर आप्पा म्हणाले अगं नव्या कापडाला खळ असते, फिनिश असतं, आधी धू आणि मग टाक थेंब. धुतलं तर दोन सेकंदात प्यायलं. स्वस्त कापडात तर खळ एवढी असते की हातात भारी लागतं आणि धुतल्यावर जाळी शिल्लक राहते. दोन हातांत धरून चोळायचं, पांढरी पूड पडली तर समजायचं वजन कशाचं होतं.

चमक असली म्हणजे पॉलिस्टर असाही माझा समज होता. तर मर्सराइज्ड कॉटनला पण चमक असते. इंग्लंडात जॉन मर्सर नावाच्या माणसाने १८४४ मधे सुती कापड कॉस्टिक सोड्यात घालून बघितलं तेव्हापासूनची ही युक्ती, सूत फुगतं, मजबूत होतं, रंग चांगला धरतं, आणि नंतर लोकांनी ते ताणून धरून करायला लागल्यावर चमकही आली. ते जळतं कापसासारखंच.

धुण्याआधी मी प्रत्येक प्रकारातला दहा इंचाचा चौकोन कापून वहीत लिहून ठेवला. सॅनफोराइज्ड शिक्का असलेलं शर्टिंग जवळजवळ तेवढंच राहिलं, कारण ते कारखान्यातच आधी आटवून घेतलेलं असतं. कॅम्ब्रिक उभ्यात साडेनऊवर आलं. मांजरपाट, जे मी खालच्या बाजूला लावणार होते, ते पहिल्या धुण्यात नऊच्या थोडं वर आणि दुसऱ्या धुण्यात अजून दोन रेघा. विचार करा हे तिन्ही न धुता एकत्र शिवले असते तर.

रंग जायचा तो दोनच तुकड्यांचा गेला, गडद निळा आणि मरून. ओल्या पांढऱ्या चिंधीने घासून बघितलं की लगेच कळतं. शेजारणीने मीठ सांगितलं, दुसरीने तुरटी, दोन्ही केलं, पाणी तसंच निळं. शेवटी गरम पाण्यात पाच वेळा धुतलं तेव्हा चिंधी पांढरी राहिली. मरून रंग काही थांबेना, तो काढून टाकला, फिकट शर्टिंगच्या शेजारी असला पाहुणा नको.

आता खरं अवघड. फिकट तुकडे माझ्याकडे शे-दीडशे होते आणि सगळे वेगळे दिसत होते, जमिनीवर मांडले तर मात्र एकच पांढरा पिवळा गोळा. मी फोनमधे काळा-पांढरा फोटो काढून बघितलं तेव्हा समजलं की मला जे गडद वाटत होते त्यातले निम्मे मधलेच आहेत, फिकटापासून वेगळे उठतच नाहीत. मोठी माय खाटेवर बसून बघत होती, तिने डोळे बारीक केले आणि काठीने सहा तुकडे बाजूला सारले. फोटोत जे मिसळत होते बरोबर तेच सहा. मी फोन खिशात टाकला.

शेवटी असं जमलं, निम्मे फिकट, त्यात एकदम पांढरे थोडेच कारण ते पुढे येऊन डोळ्यात बसतात, बाकी सायीचे, राखाडी, बारीक निळ्या रेघेचे, आणि गडदात निळा, चॉकलेटी आणि एक विटकरी. फिकट तुकडा गडदाला जोडताना मार्जिन गडदाच्या बाजूला दुमडायचं, नाहीतर फिकट शर्टिंगमधून खालची काळी कड सावलीसारखी दिसते, हे मी दोन ओळी जोडून झाल्यावर बघितलं आणि उसवलं. मधे आईची जुनी सुती साडी आणि आप्पांनी दिलेलं धोतर. बाहेरून आत चौकोन घेत धावदोरा. सुई जातेय आणि आवाज येत नाही, हेच मला पहिल्या दिवशी विश्वास बसण्यासारखं नव्हतं, मागच्या वेळी दिवसाला एक ओळ व्हायची, ह्यावेळी तीन.

गेल्या आठवड्यात झाली. धुतली, वाळवली, एका ठिकाणी ऑक्सफर्डची कड उसवली तिथे ठिगळ लावावं लागलं. मोठी मायने दोन्ही हातांनी चुरगळली, गालाला लावली, आणि म्हणाली, "आते दिखस गोधडी." मग लगेच, "ठिगळना टाका मोठा शे." ते ऐकून पण मला बरंच वाटलं.

आता दुसरीला सायीच्या रंगाचे तुकडे कमी पडतायत. भाऊला फोन केला होता, तो म्हणे उन्हाळ्याची बुकं आली की थंडीची निघतील, होळीनंतर या. मी माझी पिशवी आधीच त्याच्याकडे ठेवून आलेय, आणि वहीत पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, आधी लेबल, मग बादली.